चौथ्या हिवरापासून बावीस पावलं

रविवारी सकाळी साडेसहाला अमरावतीहून निघायचं, तर शनिवारी संध्याकाळीच पिशवी भरून दारात ठेवायची, हा माझा नियम. दोन विळे, एक कुदळ, हातमोजे, पाण्याच्या दोन कॅन, पोळ्या, ठेचा, चिकटपट्टी, वही. ही यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असायची. नवरा म्हणायचा, "एखाद्या रविवारी मलाही यादीत घाल, म्हणजे मीही दारात तयार राहीन." तो कधी आला नाही. गाडीत जागा असायची.

मी जायची तो माळ नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, मोठा रस्ता सोडून तीनेक किलोमीटर आत आहे. आहे की होता, हे लिहिताना अजून अडखळायला होतं. गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे मालकी सरकारची आणि चराई गावाची. चाळीसेक एकर. काळी माती तिथे येऊन संपते आणि मुरूम वर येतो, म्हणून त्याला नांगर कधी लागला नाही. कागदावर त्याला पडीक म्हणतात. मीही आधी तसंच म्हणत होते.

पहिल्यांदा मी तिथे गेले ती झाडं लावायला. मी एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक आहे. वृक्षारोपणाचं पत्र वरून आलं की ते फिरत फिरत माझ्या टेबलावर येतं, कारण खड्डे, रोपं, बस, नाश्ता आणि फोटो या पाचही गोष्टींची यादी न कंटाळता करणारं आमच्याकडे दुसरं कोणी नाही. त्या दिवशी आम्ही तीनशे रोपं लावली. बरीचशी सुबाभूळ आणि गिरिपुष्प. पुढच्या वर्षी जगलेली रोपं मोजायला मी एकटीच गेले, कारण अहवालात तसा रकाना होता.

मोजणी अर्ध्यावर आली असताना गवतातून आवाज आला, "मोजून झाले का तेवढे उपटून न्या ना बाई."

साठी ओलांडलेली एक बाई हातात विळा घेऊन उकिडवी बसली होती. तिच्या घरी शेती नव्हती. तिची आजी, मग तिची आई याच माळावरचं गवत कापून भारे विकत आल्या होत्या आणि आता ती. मी तिला मावशी म्हणायला लागले. ती मला अजूनही बाईच म्हणते.

"उपटू कशाला? जगलीत ती," मी म्हटलं.

"म्हनूनच तं. झाड म्हंजे कावळ्याची माडी. वर बसला का त्याले सगळा माळ दिसते. खाली अंडे घालनारीनं मंग जावं कुठं?"

"जमिनीवर कोण अंडी घालतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढी शिकलेली बाई आणि एवढंही ठाऊक नाही, असं ते पाहणं होतं. "टिटवी घालते. चंडोल घालते. तितर घालते. आन् तणमोर घालत व्हता, तो आता येऊनच नाही राहिला."

मी वहीत अहवालाच्या पानामागे लिहिलं: माळावर उंच काही नको. ते पान अजून माझ्याकडे आहे.

तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात येतो. नर गवतात उभा राहून बेडकासारखा आवाज करतो आणि गवताच्या वर उडी मारतो, पुन्हा तिथेच उतरतो, पुन्हा मारतो. दिवसभर. मादी कुठेतरी जमिनीवर अंड्यांवर बसलेली असते आणि दिसत नाही. गुडघ्याच्या वर गवत आणि दूर दूर एखादं झाड, एवढंच त्याला लागतं. म्हणजे मुळात तो माळ जसा होता तसाच. हिवराची अकरा काटेरी झाडं, दोन पळस, बोरीची थोडी झुडपं आणि मधे सगळं पवन्या आणि मारवेलचं गवत. आमच्या तीनशे खड्ड्यांमुळे आणि त्याआधीपासून घुसलेल्या वेड्या बाभळीमुळे ते मोडलं होतं.

स्वतः लावलेली झाडं उपटायची परवानगी कोणत्या नमुन्यात मागायची, हे आमच्या कार्यालयात कोणालाच सांगता येईना. शेवटी मी सरळ ग्रामपंचायतीत गेले. सरपंच पस्तिशीचा, स्वतः शेती करणारा. त्यानं माझा अर्ज दोनदा वाचला.

"ताई, लोकं झाडं लावाले येतात, तुमी उपटाले आल्या."

"मीच लावली होती. चुकलं."

तो हसला नाही. त्यानं सांगितलं की या जागेवर सौर पॅनल बसवायची मागणी आलेली आहे. "दिवसा लाईन भेटंल. आता रात्री मोटर सुरू कराले जा लागते. माह्या चुलतभावाले तसाच साप चावला. तो वाचला, सगळेच नाही वाचत." मग म्हणाला, "पन मावशीनं मले लहानपनी दाखवला व्हता तो पक्षी. तीन पावसाळे देतो तुमाले. पाखरू येते-जाते, तसं तं एसटी स्टँडवरबी येते. त्यानं इथं पिल्लं काढले पायजे. पिल्लं निंगाले का ग्रामसभेत माळ राखाले पयला हात माहा."

मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. तीन पावसाळे. पिल्लं. तिसऱ्या वर्षी गांधी जयंतीची ग्रामसभा.

पहिलं वर्ष उपटण्यात गेलं. आमच्या कॉलेजातले चार-पाच जण सुरुवातीला यायचे, दिवाळीनंतर मी आणि मावशी दोघीच उरलो. वेडी बाभूळ नुसती तोडून भागत नाही, बुंध्याची माती उकरून मूळ काढावं लागतं, नाहीतर एकाची चार होऊन येतात. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, फुलायच्या आत काढायची. टाकळ्याला आमच्याकडे तरोटा म्हणतात, तो बी धरायच्या आत. मी महिन्यावार तक्ता केला आणि मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे तं आमाले ठाऊकच हाये. तुमी कायले एवढा कागद खराब केला?"

मी हिवरांना क्रमांक दिले, एक ते अकरा, रस्त्याच्या बाजूने. झाडावर काही रंगवलं नाही, फक्त वहीत. त्यावरही ती आठवडाभर हसत होती. "झाडाले नंबर. शाळेत नाव टाकता का त्याचं?" पण नंतर तीच म्हणायला लागली, "सातव्यापाशी मुंगसाचं बीळ हाये, तिकडं नका जाऊ."

दुसऱ्या वर्षी बी. उघड्या पडलेल्या जागांवर गवत परत आणायचं तर बी त्याच माळाचं हवं. मावशी पवन्याचा तुरा तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि सांगायची, आज नाही, बुधवारी. बुधवारी मी रजा काढायची. दसऱ्याआधी गवताला विळा लावायचा नाही, हा तिच्या आईचा नियम होता. बी जमिनीवर पडल्यावर जे उरतं ते आपलं. आम्ही बी गोळा करून शेणखत-मातीत कालवून पसरलं. होळीच्या आधी कडेनं पट्टा कापून जाळला, म्हणजे कुणाच्या विडीनं आत आग शिरू नये. उन्हाळ्यात माळ इतका केविलवाणा दिसायचा की मी गाडीतून उतरायला कंटाळायची.

तिसऱ्या पावसाळ्यात गवत कमरेला आलं.

आषाढातल्या एका रविवारी मी चौथ्या आणि पाचव्या हिवराच्या मधे तरोटा उपटत होते. मावशी पुढे होती. ती एकदम खाली बसली आणि तिनं मागे हात करून मलाही बसवलं. बेडूक ओरडल्यासारखा आवाज झाला. मग गवताच्या वर एक काळं-पांढरं काहीतरी उसळलं, डोक्यामागच्या पिसांसकट क्षणभर हवेत राहिलं आणि पडलं. मी मोजायला लागले. सवयच. चौदाव्या उडीला मोजणं थांबवलं, कारण मावशीनं विळा बाजूला ठेवून पदरानं तोंड पुसायला घेतलं होतं आणि ते पुसणं संपत नव्हतं.

"माय असती तं," ती म्हणाली. एवढंच.

घरटं तिनंच शोधलं, श्रावणात. मी आले तशी मला घेऊन गेली. "चौथ्या हिवरापासून सूर्य निंगते तिकडं बावीस पावलं." गवतात ताटलीएवढी दबलेली जागा, त्यात चार अंडी, हिरवट मातकट, वर तपकिरी डाग. आम्ही दहा पावलांवरूनच परत फिरलो. मी वही काढली.

"लिवा," मावशी म्हणाली, "पन खूण नका करू. डोक्यात ठेवा."

"डोक्यात ठेवलेलं जातं, मावशी."

"माहं नाही जात."

पुढच्या रविवारी ती परतवाड्याला मुलीकडे गेली होती. पोळा दहा दिवसांवर आला होता आणि पोळ्याच्या आधी गावचे लोक बैल चारायला माळावर सोडतात. मला रात्री ते खूर दिसायचे. बावीस पावलं माझ्या वहीत होती, बैलांना आणि गुराख्यांना ती कशी कळणार? मी कॉलेजातल्या क्रीडामहोत्सवाच्या काठ्या आणल्या. पाच फुटी, वर लाल कापड. घरट्याच्या चारही बाजूंना चांगली लांबवर एकेक काठी रोवली. गावात जाऊन गुराख्यांना सांगितलं की लाल कापडाच्या आत बैल जाऊ द्यायचे नाहीत. त्यांनी ऐकलं. एकही बैल आत गेला नाही.

परत गाडीत बसून मी वहीत लिहिलं, घरटं सुरक्षित केलं, आणि पुढे बरोबरची खूण केली.

त्यानंतरच्या रविवारी मी पोचले तेव्हा मावशी चौथ्या हिवरापाशी उभी होती. पूर्वेकडच्या काठीवर डोमकावळा बसला होता. आम्हाला पाहून तो लगेच उडालाही नाही. दबलेल्या जागेत टरफलाचे तीन तुकडे होते, आतून ओले. चौथं अंडं नव्हतंच.

हिवराच्या दाट काटेरी पाल्यातून खालचं गवत दिसत नाही, आणि त्याखेरीज त्याला बसायला दुसरी जागा जवळ नव्हती. तीन वर्षं आम्ही तेच तर केलं होतं. हिवर-पळस सोडून सगळं उंच काढून टाकलं होतं. आणि मग नेमकं घरट्याभोवती मी चार उंच जागा करून दिल्या, लाल कापड लावून.

मावशी काठ्यांकडे गेली. एकेक काठी उपटली. कापडं सोडून घडी केली आणि कमरेला खोचली. काठ्या माझ्या गाडीत नेऊन ठेवल्या. मी म्हटलं, "मावशी, काहीतरी बोला." ती म्हणाली, "तरोटा फुलून राहिला बाई. चाला."

आम्ही दुपारपर्यंत तरोटा काढला.

गांधी जयंतीची ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात भरली. मी जाताना काय बोलायचं ते लिहून नेलं होतं. गवत किती परत आलं, चंडोल, टिटव्या, तितर, नर किती दिवस दिसला. सरपंचानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंडे व्हते?"

"होती. चार."

"मंग पिल्लं?"

"नाही. कावळ्यानं खाल्ली अंडी. माझ्या काठ्यांमुळे."

"ताई, नीट सांगा. एकबी पिल्लू नाही ना?"

त्याला खरंच हो ऐकायचं होतं, असं मला वाटलं. मी नाही म्हटलं. मागे बायकांमध्ये मावशी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती.

सौर पॅनलच्या बाजूनं हात वर झाले. कुणी वाईट बोललं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाईनं मेहनत लई केली." सरपंचानं मला स्वतः पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "तुमच्यावर राग नाही ताई कोनाचा. पन मी बोललो व्हतो तेच केलं." ते खरं होतं. तो बोलला तेच त्यानं केलं. मी पाणी प्यायले आणि भांडं नेमकं कुठे ठेवायचं ते कळेना, म्हणून ते हातात धरूनच गाडीपर्यंत गेले.

दसऱ्यानंतर शेवटचं गवत कापायला मी गेले. मला जायचं नव्हतं, पण ते वर्षाच्या तक्त्यात होतं. मावशी पेंढ्या बांधत होती. चौथ्या हिवराखाली बसून आम्ही पोळ्या खाल्ल्या. हात धुताना ती म्हणाली, "बाई, तिनं दुसऱ्यांदा अंडे घातले व्हते."

मला आधी कळलंच नाही कोणी.

"पोळ्यानंतर. त्या बाजूनं." तिनं मावळतीकडे हनुवटी केली. "तीन अंडे. तीनही फुटले. परवापरवा उडाले पिल्लं. मी पाह्यले."

माझ्या हातावर पाणी तसंच होतं. आपण किती रविवार तिथून गेलो, हे मी मनात मोजत होते. पाच.

"म्हणजे ग्रामसभेच्या दिवशी पिल्लं होती?"

"व्हती. लहान व्हती. पंधरा दिसाची."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"काय सांगू? सांगतलं असतं तं सगळं गाव मोबाईल घेऊन आलं असतं पाहाले. उडता येत नव्हतं त्याइले."

"मला तरी सांगायचं. एकट्या मला."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमाले सांगतलं असतं तं तुमी लिवलं असतं बाई."

"माळ गेला, मावशी. तुमचं गवत गेलं."

"माळ सरकारचा व्हता. पिल्लं तिचे व्हते."

मी उठले, पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसले. पाण्याची एक कॅन तिथेच राहिली. अमरावतीला येईपर्यंत मी मनात तिला खूप काही बोलले. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू तिच्या जागी असतीस तर तुला सांगितलं असतंस का?" मी त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही. कारण उत्तर मला लगेच आलं होतं.

मी हिवाळाभर गेले नाही. दारावरची यादी काढून टाकली, तिच्याखाली रंग जरा उजळ राहिला आहे. गावाकडच्या एकाकडून कळायचं. मोजणी झाली. मुरूम सपाट केला. हिवर तोडले, पळसही. खांब आले, मग जाळीचं कुंपण. मावशी सोयाबीनच्या काढणीला मजुरीनं गेली, नंतर दुसऱ्या गावच्या शेतांच्या धुऱ्यांवरचं, बांधांवरचं गवत मागून कापायला लागली. तिच्या आजीपासून चालत आलेलं काम तिनं त्या दिवशी सतरंजीवर बसून सोडून दिलं होतं आणि तीन पिल्लं ठेवली होती. माझं फक्त रविवारचं काम गेलं. हे कळायला मला उन्हाळा लागला.

पुढच्या आषाढात तिचा फोन आला. ती फोन करत नाही, शेजारणीच्या सुनेकडून लावून घेतला होता.

"बाई, आला."

मी रजा टाकून गेले. पिशवी भरली नव्हती, फक्त पर्समधे वही होती. कुंपणाच्या बाहेर, रस्त्याला लागून दहा-बारा हात रुंदीची गवताची पट्टी उरली आहे. मावशी तिथे उभी होती. आम्ही हिवाळ्याबद्दल काही बोललो नाही. तिनं पाण्याची कॅन आणली होती, स्वच्छ घासून.

आवाज आतून आला. पॅनलच्या रांगांमधून. मग तो उसळला, पॅनलच्या काचेच्या जेमतेम वर, आणि रांगेमागे पडला. पुन्हा उसळला. तिथे गवत घोट्याएवढंही नव्हतं. ज्या मादीला दिसावा म्हणून तो उडत होता, तिला लपायला तिथे जागाच नव्हती.

"लिवा ना," मावशी म्हणाली. "आता लिवाले काय हरकत हाये."

मी वही काढली. वेळ लिहिली. नर, एक. ठिकाणाच्या रकान्यात मी नेहमी हिवराचा क्रमांक घालत असे. मी तशीच थांबले. मावशीला कळलं. ती कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेली, एका जागी उभी राहिली आणि जाळीतून बोट आत घातलं. "चौथा इथं व्हता. धरा इथून." तिथे एक लोखंडी खांब होता. मी तिच्या बोटाच्या दिशेनं नजरेनंच पावलं मोजली आणि लिहिलं.

तीन दिवस तो आला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन आला. थोडा वेळ नुसती शेजारणीच्या घरातली भांडी वाजत होती.

"बाई, आज आवाज नाही."

"उद्या पाहा, मावशी."

"पाहीन." मग म्हणाली, "जेवल्या का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.